मालनची टिकली

आमच्या साकीनाक्याच्या चाळीत मालनइतकी घाबरट बाई दुसरी नव्हती. पाल चुकचुकली तरी हिचा जीव खालीवर. अशा बाईने माणसाची कातडी वाढवतात तिथे नोकरी धरावी, याला काय म्हणायचं? मी, तिची शेजारीण द्रौपदी, याला वेडेपणा म्हटलं, आणि तिच्या तोंडावर म्हटलं.

पण करणार काय? संपानंतर दत्तारामची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, गिरणी उघडलीच नाही. अंधेरीला मलमं बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला बाई हवी होती, मालन लागली. तिथे मरोळ गावठाणातल्या पेट्रिशिया मिस होत्या. ऑपरेशनमध्ये कापलेले कातडीचे तुकडे हॉस्पिटलातून आणायचे आणि त्यांच्यापासून बशीत नवी कातडी वाढवायची, हे त्यांचं काम. ती कातडी दुधावरच्या सायीइतकी पातळ. मालनला सुरुवातीला त्या बशा बघून जेवण जायचं नाही.

मिसने तिला समजावलं होतं. कातडीत एक एन्झाइम असतं, तो समजा आपला रंगारी. तो कामावर असला की कातडीला रंग चढतो. बशीत एक औषध ओतलं की रंगारी जिवंत आहे का ते कळतं, कारण जिवंत असला तर कातडी काळपट होते. "आणि रंगारी संपावर गेला तर?" मालनने विचारलं. मिस हसल्या. "तर पांढरी फट्ट."

त्या खोलीत धुळीचा कणही चालत नसे. पहिल्याच दिवशी मिसने मालनच्या कपाळाकडे बोट दाखवलं. "मालनताई, कुंकवाची पूड बशीत पडली तर सगळं फुकट जाईल. ती नवीन चिकटवायची टिकली लावा ना." मालनने जन्मभर मेणावर कुंकू लावलेलं. तिने स्टेशनाबाहेरून टिकल्यांचं स्वस्तातलं पाकीट घेतलं. तिची नलिनी तर हरखलीच. मायलेकी एकाच पाकिटातल्या टिकल्या लावू लागल्या.

पुढच्या वर्षीच्या थंडीत मालनने एका सकाळी टिकली काढली आणि आरशात बघून खालीच बसली. टिकलीखाली मसुरीच्या डाळीएवढा पांढरा ठिपका होता.

कोड! हा शब्द तिने मनातही धड उच्चारला नाही. नलिनीला सावंतवाडीकडचं स्थळ आलेलं. मुलगा विलेपार्ल्याच्या बँकेत, घर चांगलं. आईला कोड आहे हे कळल्यावर कोण सून करून घेणार? आणि हे आलं कुठून? त्या बशांतून, दुसरं कुठून! कुणाकुणाची कातडी, आपण त्या बशा धुतो, त्यांचंच लागलं. तिने मोठी टिकली लावली. ठिपका वाढला, तशी आणखी मोठी लावली. पुढेपुढे तर कपाळावर चार आण्याचं नाणं चिकटवल्यासारखी दिसायची. आम्ही चाळीतल्या बायका हसायचो, म्हणायचो, नोकरी लागल्यापासून मालनला नखरे सुचतायत.

ती मात्र भीतीने अर्धी झाली होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आली नाही. कुणी कुंकू लावायला बोट पुढे केलं की मागे सरायची. तोंड धुवायचं ते मोरीचं दार लावून. आपल्यामुळे लेकीला लागू नये म्हणून तिने स्वतःचा टॉवेल वेगळा केला, साबण वेगळा केला, नलिनीच्या शेजारी झोपणंही सोडलं. पोरीला कारण सांगितलं नाही. डॉक्टरकडे गेली नाही, कारण दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटलं तर? हे सगळं तिनेच मला नंतर सांगितलं. ऐकताना मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

स्थळ पक्कं होत आलं. रविवारी सुपारी फोडायला पाहुणे येणार असं ठरलं. त्याच्या आधीच्या आठवड्यात मालनने भांड्यांतले जंतू मारायच्या वाफेच्या डब्याचं झाकण उघडलं, वाफ तोंडावर आली आणि टिकली सुटून खाली पडली. समोर पेट्रिशिया मिस. मालनने ओला हात कपाळावर दाबला, पण मिसने पाहिलं होतं.

"मिस, मला काढू नका," ती रडायलाच लागली. "तुमच्या बशांतलं लागलं मला."

"बशीतलं कुणाला लागत नाही, मालनताई." मिसने पडलेली टिकली चिमट्याने उचलली. पांढरा ठिपका टिकलीसारखाच गोल होता. मिसचा चेहरा उतरला. कुंकू सोडायला त्यांनीच तर सांगितलं होतं. "या टिकल्या अजून आहेत तुमच्याकडे?"

मालनने पर्समधली एक दिली. मिसने ती जंतू मारायच्या निळ्या दिव्याखाली ठेवली आणि मग बशीतल्या कातडीवर चिकटवली. ते दिवस मालनने कसे काढले तिलाच ठाऊक. रविवार तोंडावर आला तेव्हा मिसने तिला हाक मारली, टिकली उचलली आणि बशीत औषध ओतलं. दोघी बघत राहिल्या. कातडी हळूहळू नाचणीच्या भाकरीच्या रंगाची झाली. मधे एक गोल मात्र पांढराच राहिला.

"बघितलंत? तुमचा रंगारी या गोंदाने मारला," मिस म्हणाल्या. "हे घराण्यातलं कोड नव्हे, कुणाचं कुणाला लागतही नाही. टिकली आजपासून बंद. रंग परत येईल कदाचित, पण मी खात्री देत नाही. एवढं कशाला घाबरलात हो?"

मालन हसायला हवी होती. पण तिला नलिनी आठवली. एकच पाकीट, दोन कपाळं.

त्या दिवशी ती धापा टाकत चाळीत शिरली. मी दारात तांदूळ निवडत होते. चप्पलही न काढता ती आत गेली. नलिनी केस विंचरत होती, कपाळावर टिकली. ही पोरसुद्धा हल्ली मोठी टिकली लावते, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं.

"नलू, टिकली काढ गो."

नलिनीने दोन्ही हात कपाळावर दाबून धरले. "नको, आई!"

"काढ म्हणतंय ना!"

"तुला माहीत आहे सगळं," पोर हुंदके द्यायला लागली. "म्हणूनच टॉवेल वेगळा केलास ना? माझी किळस येते ना तुला?"

मालनने घरी येताना ठिपका झाकायला लावलेली ती मोठी टिकली कपाळावरून ओढून काढली आणि लेकीसमोर बसली. नलिनी बघतच राहिली. तिचे हात हळूहळू खाली आले.

"रविवारचं काय गं आई?" तिने विचारलं.

आमची घाबरट मालन म्हणाली, "आयतवारी पावणे आधी माजा कपाळ बघतले, मगे तुजा."