बिअरच्या गंजातल्या तीन ताटल्या

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नागपुरात, धरमपेठेतल्या एका बंगल्यामागच्या शेडमध्ये, बिअर उकळण्याच्या तीनशे लिटरच्या भांड्यात जेवणाच्या तीन ताटल्या उपड्या घालण्यात आल्या. त्या चुकून पडल्या नव्हत्या. माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीने घातल्या होत्या. बहीण दारूच्या थेंबाला शिवत नाही, आणि भांडं मी बनवलेलं होतं. कृपया हे उभे राहून वाचावे. बसायचेच असल्यास जाळापासून दूर बसावे.

माझा धंदा भांड्यांचा. कन्हानच्या रस्त्याला पत्र्याची शेड आहे. लग्नाच्या आचाऱ्यांना लागणारे मोठे गंज, म्हणजे तुमच्याकडची पातेली, मी बनवतो. वडिलांनी हातमाग सोडून हे काम धरलं. घरात सतत ठोकाठोक, त्यामुळे मला लहानपणापासून मोठ्याने बोलायची सवय लागली. तीच पुढे नडली.

बिअरवाला म्हणजे त्या धरमपेठेतल्या शेडचा मालक, तिशीतला, पुण्याला हे काम शिकून आलेला, सगळे परवाने फायलीत ओळीने लावणारा माणूस. त्याला वाफेवर तापणारं भांडं हवं होतं, पण बॉयलरला जागा नव्हती. त्याने विचारलं, "काका, थेट गॅसच्या जाळावर चालेल असं बनवता का?"

मी हसलो. हात कमरेवर, मान मागे, असा हसलो. "बाबू, सारं नागपूर जाळावर शिजून राहिलं. तुह्या जवाच्या पाण्याची काय कथा?"

मग महाल भागातल्या झाडून साऱ्या भांडेवाल्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं की आपण बिअरचा गंज बनवला. एकाला तर दोनदा सांगितलं. पहिल्यांदा त्याचं लक्ष नव्हतं.

बिअरचं काम ऐकायला सोपं आहे. मोड आणून वाळवलेला जव भरडायचा, गरम पाण्यात मुरवायचा, गाळायचा. जे गोड पाणी मिळतं ते तासभर खळाखळा उकळायचं. पहिल्याच उकळीला अर्ध्या तासात त्याच्या शेडमध्ये करपट वास सुटला. भांडं रिकामं केलं तर बुडाच्या मधोमध पोळीएवढा काळा डाग. मी म्हटलं, जव नीट गाळला नाहीस. त्याने पुढच्या वेळी दोनदा गाळला. डाग तिथेच आणि तेवढाच. मी म्हटलं, जवच खराब असेल. बिअरवाला हे सगळं वहीत लिहून घेत होता. लिहून घेणाऱ्या माणसापुढे मला थापा मारणं जड जातं.

"काका," तो म्हणाला, "शनिवारी तिसरी उकळी. ती करपली तर भांडं परत. टेम्पो सांगून ठेवतो."

परत आलेलं भांडं बाजारात फार वाजतं. आज बिअरवाल्याने परत दिलं म्हटल्यावर उद्या आचारी माझा गंज घेताना बुडावर टिचकी मारून बघणार. आणि गावभर बोंब मी स्वतःच ठोकून ठेवलेली.

गुरुवारी बहिणीकडे गेलो. ती लग्नांच्या बासुंदीची कामं घेते.

"काहून गा, तोंड काहून उतरलं?"

"गंज करपून राहिला."

"कायचा?"

"जवाच्या पाण्याचा."

"जवाचं पाणी कोन्त्या लग्नात देतेत?"

सांगावं लागलं. तिने हातातली पळी खाली ठेवली. वडिलांचं नाव, कुळाचार आणि माझी अक्कल या क्रमाने तिचं बोलून झालं. मग तिने पदर खोचला. "दारूसाठी नाही येत मी. करपल्या गंजासाठी येते."

शुक्रवारी सकाळी ती पिशवीत तीन स्टीलच्या ताटल्या घेऊन बिअरवाल्याच्या शेडमध्ये हजर झाली. बासुंदी आटवताना गंजाच्या बुडाशी ताटली उपडी घालतात. उकळी ताटलीला खालून उचलते, ताटली खडखडते. आवाज चालू आहे तोवर दूध बुडाला लागत नाही. आवाज थांबला की धावायचं. लग्नात बहीण शंभर जणांशी बोलत असते, पण तिचा एक कान ताटलीकडे असतो.

बिअरवाला आडवा आला. "ताई, भांड्यात बाहेरची वस्तू चालत नाही."

"ताटली बाहेरची, अन् करपल्याचा वास काय घरचा हाय?"

तो निमूट ताटल्या धुवायला घेऊन गेला. तीनदा धुतल्या, वर उकळत्या पाण्यातून काढल्या. "धुते बरा," बहीण मला म्हणाली. तिच्याकडून एवढं कौतुक मला आजवर मिळालेलं नाही.

भांड्यात आधी साधं पाणी भरलं. एक ताटली मधोमध, दोन कडेला. जाळ लावला. थोड्या वेळाने मधली ताटली अशी नाचायला लागली की जणू वरातीतच आली आहे. कडेच्या दोघी मानपानावरून रुसलेल्या मावश्यांसारख्या गप्प. आम्ही तिघं काठावरून वाकून बघत होतो.

"एकाच जागी जाळ मारून राहिला तू," बहीण म्हणाली. "भाकर शेकाची होती काय?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी बर्नरकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणी बसवला होता.

खरं सांगायचं तर तो मधोमध एकच मोठा बर्नर मी हौसेने बसवला होता. जाळ कसा दिसला पाहिजे! माझ्या सगळ्या गंजांखाली आचारी असाच जाळ करतात आणि काही बिघडत नाही, कारण वर एक माणूस मोठा झारा घेऊन घाम गाळत ढवळत उभा असतो. तीस वर्षं मी गंज बनवले आणि हा माणूस कधी मोजलाच नाही. बिअरवाल्याच्या भांड्यावर झाकण होतं. ढवळायला कुणीच नव्हतं.

त्या दिवशी बर्नर काढला. त्याच्या जागी बारीक ज्योतींची रुंद कडी केली आणि भांडं चार बोटं वर उचललं. जाळ आता अगदी निळा, शांत, बघायला काही मजा नाही.

शनिवारी टेम्पो सकाळपासून फाटकात. ड्रायव्हर मागे दोर गुंडाळून तयार. जवाचं पाणी चढवलं. उकळी फुटली आणि तिन्ही ताटल्या एकदम वाजायला लागल्या, पंगत बसावी तशा. बहीण स्टुलावर बसून वाती वळत होती. एकदाही तिने मान वर केली नाही. तासाभरात आवाज खंडला नाही.

बिअरवाल्याने कपभर काढून निववलं, चाखलं, डोळे मिटले, पुन्हा चाखलं. "मला आता सगळंच करपट लागतं," तो म्हणाला. "ताई, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते."

"मी दारू नाही पीत."

"दारू नाही ही अजून. खमीर टाकल्यावर होणार. आता नुसतं गोड पाणी आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं, फाटकातल्या टेम्पोकडे पाहिलं, आणि देवाचं तीर्थ घ्यावं तसं तळहातावर घेऊन एक घोट घेतला. मग कपच हातात घेतला. ड्रायव्हरने भांडं बांधायला दोराची गाठ सोडली.

कप रिकामा करून ती ओरडली, "लागलं नाही गा बुडाले! एवढं गोड झालं, आता याची दारू काहून करून राहिले?"