तेरा साते किती, ते मी सांगायचं नव्हतं

तेराच्या पाढ्याची मला पडलेली खरी किंमत सांगतो. गॅरेजमधला रेडिओ महिनाभर बंद, दुपारची डुलकी गेली, आणि टपरीवर मारलेली एक बढाई... ती सगळ्यात महाग पडली.

माझं पारनेरला स्टँडजवळ टू-व्हीलरचं गॅरेज आहे. धाकटी बहीण नगरला दवाखान्यात कामाला, तिची जुई इथंच चौथीत. शाळा सुटली की आईची एसटी येईपर्यंत जुई माझ्याकडे असते. बुलेटच्या एका जुन्या सीटवर बसून अभ्यास करते.

शाळेत सर स्कॉलरशिपच्या मुलांचा वेगळा वर्ग घेतात. त्यात जायचं तर पंधरापर्यंतचे पाढे कुठूनही विचारले तरी आले पाहिजेत. जुईची जिवाची मैत्रीण सानिया त्या वर्गात गेली, आणि मधल्या सुट्टीनंतर जुईच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली... पोरीचा सगळा जीव तिथंच अडकलेला.

मी म्हटलं, पाढेच ना, ते माझ्याकडे लागले. टपरीवर चहा पिताना सांगूनही टाकलं की इंजिन असो नाहीतर पाढा, माझ्या कानावरून एकदा गेला की त्यात बिघाड राहत नाही.

तसं हे अगदीच खोटं नाही हं. गाडी वळणावर असतानाच मी आवाजावरून सांगतो, टॅपेट वाजतायत की चेन ढिली आहे. शाळा आठवीला सुटली, पुढचा सगळा धंदा कानांवर उभा केला.

ओळीनं म्हणायला सांगितलं की जुई झकास. छान चाल लागलेली, तेरा एके तेरापासून थेट एकशेतीसपर्यंत विनाथांबा. पण मध्येच "तेरा साते?" विचारलं की गाडी परत डेपोत... पुन्हा तेरा एके तेरा.

मग रोज ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधता शोधता मी विचारायला लागलो. ती अडली की हळूच "एक्क्या..." म्हणायचो. ती लगेच "...ण्णव". पुढे पुढे तर माझे नुसते ओठ हलले तरी उत्तर यायचं. मी खूश. गिऱ्हाइकांनाही ऐकवायचो.

आणि मग सरांनी तोंडी परीक्षा घेतली. त्या दिवशी जुई आली ती दप्तर पाठीवर तसंच ठेवून सीटवर बसली. "मामा, मला एकपण नाही आलं. सर नुसते बघत राहिले माझ्याकडं."

शनिवारी परत विचारणार होते. नाही आलं तर मग पुढच्या वर्षी.

मला पटेना. मी तिथल्या तिथं विचारलं, तेरा साते? जरा थांबली. मी म्हटलं "एक्क्या...", ती म्हणाली "...ण्णव". "येतंय की गं," मी म्हणालो.

आमची बायको डबा घेऊन आली होती, ती दारातच उभी राहून हे ऐकत होती. म्हणाली, "अहो, तिला कुठं येतंय, तुमालाच येतंय. रोज धक्का मारून गाडी चालू करताय तुमी. आता सरांनी बी खाली उतरून धक्का मारायचा व्हय?"

जुईला रडता रडता हसू आलं. मला काही आलं नाही... कारण गाड्यांच्या बाबतीत हेच वाक्य मी लोकांना रोज सुनावतो.

दुसऱ्या दिवशी मी ठरवून विचारलं आणि तोंड मिटलं. गप्प बसणं हे किती कष्टाचं काम आहे, ते मला तोवर माहीतच नव्हतं. आपल्याकडे कुणी अडलं की चारी बाजूंनी उत्तरं येतात... पत्ता असो की पाढा.

दूधवाले नाना ऑइल बदलायला आले होते. त्यांना राहवेना. "एक..." म्हणून त्यांनी सुरुवात केलीच होती, मी हातातला पाना वर केला. "आरं, पन लेकरू अडलंय ना," नाना म्हणाले. मी म्हटलं, "अडू द्या."

जुईनं एकदा माझ्या ओठांकडे पाहिलं. तिथं काही मिळेना, तेव्हा खाली बघून पुटपुटायला लागली. मी कान टवकारले... तेरा एके तेरापासून नव्हती म्हणत. "दहा साते सत्तर... तीन साते एकवीस..." आणि मग, कुणाकडेही न बघता, "एक्क्याण्णव."

हा रस्ता तिला कुणी दाखवला नव्हता. मी तर नाहीच. मी उगाच प्लग पुसत बसलो, नानांनी दुसरीकडे तोंड फिरवलं.

तिथून शनिवारपर्यंत आमची तीच रीत. मी विचारायचं आणि गप्प. तिची पुटपुट कमी कमी होत गेली, काही उत्तरं तर सरळ यायला लागली. बायकोचे आभार मी अजून तोंडानं मानलेले नाहीत, म्हणून इथं लिहितो... ती हे वाचते.

शनिवारी सरांच्या गाडीचा क्लच बघायचं निमित्त काढून शाळेत गेलो आणि खिडकीबाहेर नळापाशी उभा राहिलो. सर विचारत होते. मध्ये मध्ये इतकी शांतता व्हायची की पलीकडच्या वर्गातली कविता ऐकू यायची. सरही थांबत होते, हे त्यांचं मोठेपण. चौदा नवे तिचं चुकलं. बाकी सगळं आलं.

"सोमवारपासून सानियाशेजारी बस," सर म्हणाले. मग विचारलं, "घरी कोण घेतं गं पाढे?"

"मामा."

मी नळापाशी जरा ताठ झालो.

"कसे शिकवतात?"

जुईनं नेहमीसारखा थोडा वेळ घेतला. मग म्हणाली, "शिकवत नाहीत सर. गप्प बसतात."