उडणारी म्हैस व्याली कधी?

माझ्या कादंबरीतली म्हैस उडते. पहिल्या भागात ती पंचगंगेवरून उडाली आणि कोल्हापूरच्या वाचकांनी तिला डोक्यावर घेतलं. मग मला दुसरा भाग लिहायची दुर्बुद्धी सुचली, आणि त्यात अर्ध्यावर मी ती मारून टाकली. मोठ्या कादंबरीत कुणीतरी जिवाभावाचं मरायलाच लागतं, अशी माझी अक्कल.

वाचनालयानं वाचकांशी गप्पा ठेवल्या. गप्पा कसल्या, पंचायतच बसली. शिरोलीच्या फौंड्रीत आयुष्य काढलेले एक काका उठले. "राक्षसाची तलवार बिडाची दावलीसा. बीड एका घावात मोडतंय, बाई." राक्षसाबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. मागून एक दूधवाले म्हणाले, "म्हस उडती, त्याला आमची हरकत न्हाय. पण अख्खा पहिला भाग दूध देती आणि एकदाबी व्याली न्हाय, हे कसं?" सगळ्या सभेनं माना डोलावल्या. कॉलेजातल्या एका मुलीला दुसराच भाग भारी वाटला, कारण शेवटी कुणीच सुखी होत नाही. शेजारच्या बाईनं तिच्याकडं रागानं बघितलं आणि मला सांगितलं, "दुसरा भाग मी कुलपात ठेवलाय. पोरं रडत्यात." निम्म्यांनी पुस्तक एकमेकांकडून मागून वाचलेलं, तक्रार मात्र ज्याची त्याची. मी तोंडदेखलं हसत होते आणि आतून नुसता जळफळाट चालला होता.

पण खरी धास्ती होती आईची. ती नेसरीला धाकट्या भावाकडं असते. तिला आता दिसत नाही, म्हणून भाऊ रोज दुपारी वाचून दाखवतो. ती म्हैस आमच्याच गोठ्यातली, आईनं रेडकापासून वाढवलेली. ती मेली तेव्हा आई दोन दिवस जेवली नव्हती. आणि मी तिला परत मारली, तेही छापून. पुस्तक पाठवून पंधरा दिवस झाले तरी भावाचा फोन नाही. शेवटी मीच गेले. शिव्या खायच्याच तर समोर बसून खाव्यात म्हटलं.

आई कॉटवर बसली होती, भाऊ पुस्तक घेऊन शेजारी. माझा आवाज ऐकून ती म्हणाली, "पैल्यापेक्षा ह्यो भाग बरा हाय गं. म्हस व्याली, ते झ्याक केलंस."

मी असलं काही लिहिलेलंच नव्हतं. मी भावाच्या हातातल्या पुस्तकात वाकून बघितलं. म्हैस मरते त्याच्या आदल्या पानावर खुणेची काडी होती. पुढचं पुस्तक कोरंकरकरीत, बोट न लागलेलं. दहावी नापास माझा भाऊ रोज दुपारी पुस्तक समोर धरून, पानं उलटल्याचं सोंग करत, मनानंच सांगत होता. कोल्हापूरच्या सभेला जे हवं होतं ते त्यानं इथं बसून केलं होतं. मला त्याचा राग आला, आणि मग स्वतःची लाज वाटली.

"आक्का, च्या ठिवू का?" तो माझ्याकडं न बघता म्हणाला.

"च्या ऱ्हाऊदे," आई म्हणाली. "काल रेडी झाली म्हशीला, तितपत आलोय. तिला बी पंख फुटत्यात का गं?"

भावानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. 

"फुटत्यात की," मी म्हणाले, आणि त्यानं निमूट पान उलटलं.