माईकवर शिंपडलेलं पाणी

‘खाली ठेव.’

माझा पुढे केलेला हात तसाच राहिला. हातात कॉलर माईक होता. बोटाच्या पेराएवढा माईक, त्याची बारीक वायर आणि कमरेला अडकवायची डबी. समोर अप्पा बसले होते. रेशमी धोतर, खांद्यावर शाल, पुढ्यात पेटी. आमचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेतले ते सगळ्यात वडीलधारे. संगीत महोत्सवाची सुरुवात दर वर्षी त्यांच्याच भजनानं होते.

दोन मिनिटं आधी त्यांनी हसून विचारलं होतं, ‘कोन्या गावची गं तू?’

‘खजुरीची, अप्पा. आळंद तालुका.’

‘खजुरीत कुनाची?’

मी वडिलांचं नाव सांगितलं.

‘घर कोन्या अंगाला?’

हा प्रश्न कशासाठी विचारतात ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. घर गावाच्या कोणत्या बाजूला ते समजलं की पुढचं विचारावं लागत नाही. मी लपवलं नाही. ‘बुद्धविहाराजवळ,’ म्हणाले. अप्पांचं हसू मावळलं. म्हणजे हातात देऊ नको, खाली ठेव.

आणि मी ठेवला.

हे सांगताना आजही अंगाचा तिळपापड होतो. अप्पांचा राग येतोच, पण त्याहून जास्त माझ्या हाताचा येतो. डोक्यानं काही ठरवायच्या आधीच हात खाली गेला. त्याला सवय होती. लहानपणी मायबरोबर गिरणीत जायचे तेव्हा माय ज्वारीचा डबा गिरणीवाल्याच्या हातात कधीच द्यायची नाही. उंबऱ्याशी ठेवायची, दोन पावलं मागं सरायची, मग तो उचलायचा. मी तिच्या पदराला धरून हे कितीदा तरी पाहिलं होतं. बी.ई.च्या तिसऱ्या वर्षाला, बीदरच्या कॉलेजात, गळ्यात हेडफोन अडकवून उभी असताना मी तेच केलं.

ते थेट प्रक्षेपण माझं होतं. असं म्हणायला मला संकोच वाटत नाही. आमच्या कॉलेजचा महोत्सव पहिल्यांदा मोबाइलवर लाइव्ह जाणार होता आणि त्याची तार न् तार मी जोडली होती. सभागृहात इंटरनेट रडत होतं, म्हणून ग्रंथालयातून वायर ओढून आणली. बायका-पोरांच्या पायात येऊ नये म्हणून ती रांगत रांगत काळ्या पट्टीनं फरशीला चिकटवली. गुडघे सोलले. डोक्यावरून बीदरच्या एअरफोर्स तळाची विमानं जायला लागली की प्रत्येक माईकमध्ये घरघर भरायची. मग काम थांबवून वाट बघायची, पुन्हा आवाज मोजायचा. मिक्सरवर हात कुठं शिकले? आमच्या वस्तीत. जयंतीच्या मिरवणुकीत बाबा साउंड बघायचे आणि सोल्डरिंगची गन माझ्या हातात असायची. त्या दिवशी माय, बाबा आणि निम्मी वस्ती विहारात एका मोबाइलभोवती बसली होती. पोरीचं काम बघायला.

तर मी माईक सतरंजीवर ठेवला, मंचावरून खाली उतरले आणि माझ्या टेबलापाशी आले. हेडफोन कानाला लावला. माईक चालू होता. लोकांना तो आवाज जात नव्हता, पण मला ऐकू येत होता आणि रेकॉर्डही होत होता. प्रत्येक माईकचं रेकॉर्डिंग वेगळं ठेवायचं ही पद्धत मीच लावली होती, सरांना सांगून.

आधी कानात टपटप आवाज आला. मान वर करून पाहिलं. अप्पा पूजेच्या तांब्यात विड्याचं पान बुडवून माईकवर पाणी शिंपडत होते. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. मंत्र पुटपुटत. मग महोत्सवाचे प्रमुख असलेले आमचे सर वाकले, त्यांनी तो ओला माईक उचलला आणि अप्पांच्या शालीला लावला.

आणि कानात अप्पांचा आवाज. सरांशी, कन्नडमध्ये. ‘यांच्या हातात मशिनी देऊन ठेवल्यात तुम्ही. उद्या हे गर्भगुडीत येतील.’ मला मराठीत ‘खाली ठेव’ आणि हे मात्र कन्नडमध्ये, जसं काही मला कन्नड येतच नाही. पहिलीपासून कन्नड शिकलेय मी. गर्भगुडी म्हणजे देवळाचा गाभारा, हेही कळतं.

सर हसले. होय अप्पा, म्हणाले. मग खाली आले आणि माझ्या कानाशी लागले, ‘मनाला लावून घेऊ नको गं. जुनी मानसं हायती. आपल्याला प्रोग्राम महत्त्वाचा.’

आपल्याला! पाणी माझ्या हाताच्या शिवण्यावर पडलं होतं, त्यांच्या नाही.

भजन सुरू झालं आणि दुसऱ्याच ओळीला माईक खरखरला. जाळीतून पाणी आत गेलं होतं. तिसऱ्या ओळीला आवाज बुडाला. अप्पांचे ओठ हलतायत, पेटी वाजतेय आणि गाणं गायब. मोबाइलवर एकामागून एक संदेश यायला लागले, नुसती पेटी, अप्पांचा आवाज येईना.

सर धावत आले. ‘काय करायलीस गं? अप्पांचा आवाज गेलाय समदा!’

‘माईक भिजलाय, सर.’

‘मग दुसरा दे की लवकर. आन इकडं, मी लावतो.’

दुसरा माईक माझ्या पेटीत होता, बॅटरी भरलेला. मी तो काढला. सरांचा तळहात माझ्यापुढं पसरलेला होता. दिला असता तर सगळं सुरळीत झालं असतं. भजन झालं असतं, टाळ्या पडल्या असत्या, सरांनी माझी पाठ थोपटली असती. आणि मी जन्मभर माईक खाली ठेवत राहिले असते, आणि दुसरं कुणीतरी तो उचलून वर नेत राहिलं असतं. हे मला त्या वेळी, तिथं, लख्ख कळलं. मी माईक मुठीत धरला.

‘मी लावते, सर.’

‘वाद घालू नको. सगळे बघायलेत.’

‘बघू द्या की.’

मी पायऱ्या चढले. कॅमेऱ्यावर माझी वर्गमैत्रीण सुनीता होती. सर तिला हातानं खुणावत होते, दृश्य बदल, पडदा दाखव. सुनीतानं त्यांच्याकडं पाहिलं आणि कॅमेरा माझ्यावर धरून ठेवला. तिचं हे ऋण मी मानते.

अप्पांनी पेटी थांबवली. मी जवळ गेले तसे ते मागं सरकले, शाल छातीशी आवळून. एवढा मोठा माणूस आणि एका पोरीच्या बोटांना भ्यायला.

‘खाली ठेव म्हनलो ना तुला?’

पेटीसाठी पुढ्यात ठेवलेला वेगळा माईक चालूच होता आणि पेटी थांबल्यामुळं बोलणंही त्यात जात होतं. ते वाक्य साऱ्या सभागृहानं ऐकलं, खजुरीच्या विहारात माझ्या मायनंही ऐकलं.

‘खाली ठेवणार न्हाई, अप्पा,’ मी म्हणाले. ‘ह्यो माईक मीच लावणार. नको असल तर तुमी उठा.’

 अप्पा उठले. धोतर सावरत, कुणाकडं न बघता, मागच्या दारानं निघून गेले. सर त्यांच्या मागं पळाले. मी माईक घेऊन तिथंच उभी होते. मग मागं थांबलेल्या मुलींना हात केला, या म्हणाले. वसतिगृहाच्या चौघीजणी आल्या आणि त्यांच्या गाण्यानं महोत्सव सुरू झाला. पहिल्या मुलीच्या ओढणीला मी माईक लावला. आवाज स्वच्छ गेला.

त्याच दुपारी कार्यालयात बोलावणं आलं. टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता. माझ्या तांत्रिक चुकीमुळे आदरणीय अप्पांचा अवमान झाला, त्याबद्दल मी क्षमा मागते. खाली माझं नाव, सहीपुरती जागा.

‘सही कर आन ते रेकॉर्डिंग पुसून टाक,’ सर म्हणाले. ‘न्हाईतर टीममधून तुझं नाव काढावं लागतंय. पुढं प्रॅक्टिकलचे मार्क हायती. इचार कर.’

‘चूक कोन्ती, सर?’

‘कामून ताणायलीस गं?’

मी कागद परत सरकवला आणि बाहेरच्या बाकावर बसून माझा अर्ज लिहिला. कन्नडमध्ये, म्हणजे कुणाला समजला नाही असं म्हणता येऊ नये. तांत्रिक चूकच विचारत होते ना? तिथूनच सुरुवात केली. माईकमध्ये पाणी शिरल्यामुळे आवाज बंद पडला. पाणी कोणी शिंपडलं, कशासाठी शिंपडलं, आधी मला काय विचारलं, नंतर माझ्याबद्दल काय बोलले, सर काय म्हणाले. एकेक ओळ. रेकॉर्डिंग सोबत जोडलं आहे. प्राचार्यांच्या टेबलावर अर्ज दिला आणि माझ्या प्रतीवर पोचीचा शिक्का पडेपर्यंत जागची हलले नाही.

रात्री मायचा फोन आला. मला वाटलं रडेल, सांभाळून राहा म्हणेल. ती म्हणाली, ‘अर्ज मागं घेऊ नको.’ एवढंच बोलली आणि फोन ठेवला.

टीममधून माझं नाव काढलंय. अर्जावर अजून उत्तर नाही. दर सोमवारी मी कार्यालयात जाते, विचारते, आणि विचारल्याचंही लिहून देते. इथं उत्तर मिळालं नाही तर पोलिसात जाईन, कोर्टात जाईन. रेकॉर्डिंग चार ठिकाणी ठेवलंय. पुढच्या वर्षी महोत्सव होईल तेव्हा मी त्याच पायऱ्या चढणार आहे, यादीत माझं नाव असो नसो. माईक माझ्या हातानं गळ्याला लागेल. ज्याला हा हात चालत नाही, त्यानं गाऊ नये.