आवतण दिलेला गोऱ्हा

जखमी जनावर वाचवायचं असेल तर आधी त्याचा फोटो नीट काढावा लागतो. हे ऐकून लोकांना वाईट वाटतं, पण माझा अनुभव तसाच आहे. रक्त फार दिसलं तर बघणारा पुढं सरकतो, अजिबात दिसलं नाही तर त्याला घाई वाटत नाही. डोळे मात्र दिसायला हवेत. मानवतच्या बाहेर आमची पत्र्याची शेड आहे, तिथं मी बरीच वर्षं हेच करते. जनावर आणायचं, फोटो काढायचा, मोबाइलच्या ग्रुपवर टाकायचा आणि डॉक्टरांची फी, औषधं, गाडीभाडं जमेपर्यंत लोकांच्या मागं लागायचं.

देवगाव फाट्यावर ट्रकनं उडवलेला गोऱ्हा आला तेव्हाही तसंच केलं. पांढरा, कानाशी काळा, कुणीतरी महादेवाच्या नावानं सोडलेला. पुढच्या पायाची नळी मोडली होती. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, नुसत्या प्लास्टरनं भागणार नाही, परभणीला नेऊन हाडातून सळ्या घालाव्या लागतील. "आणि एवढं करून तो औताला कधी चालायचा नाही, ताई. बघा, खर्च झेपेल का."

खर्च मला एकटीला झेपणारा नव्हताच. पहिले पैसे मोंढ्यातल्या, धान्यबाजारातल्या, एका आडत्यानं दिले. सत्तरीचा माणूस, मी त्याला काका म्हणते. हा काका एरवी चहाही हिशेबानं पाजतो, त्यामुळं त्याचं बघून मोंढ्यातले बाकीचेही निघाले. किराणावाल्यानं गल्ल्याशेजारी डबा ठेवला. शिक्षकांनी दिले, बचत गटातल्या बायकांनी दिले. ऑपरेशन झालं. गोऱ्हा शेडवर परत आला तो पायाला बाहेरून सळ्यांचा सांगाडा लावूनच.

पैसे देणाऱ्याला नंतर बातमी द्यावी लागते, नाहीतर पुढच्या वेळी तो देत नाही. म्हणून मी रोज फोटो टाकायची. आज उभा राहिला, आज पाय टेकवला. रविवारी लोक बघायला यायला लागले. "आपला गोऱ्हा कसा हाय?" असं बाजारात विचारायचे. यातल्या बहुतेकांच्या घरी आता बैल नाहीत. नांगरट ट्रॅक्टरवर, गोठ्यात मोटारसायकल. पोळ्याला मातीचे बैल आणून पाटावर पुजतात. त्यांच्या दृष्टीनं त्या साली बऱ्याच वर्षांनी दारात खरा बैल आला होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. काका दहा-बारा जणांना घेऊन आला. वाटीत तूप आणि हळद, हातात पळसाची पानं. गोऱ्ह्याच्या खांद्यावर कधी जू पडलं नव्हतं आणि पडणारही नव्हतं, तरी सगळ्यांनी आळीपाळीनं खांदा मळला. मग कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मी तिथंच उभी होते. म्हटलं, "काका, उद्या जेवण नाही. डॉक्टरांनी फक्त कडबा आणि थोडा हिरवा चारा सांगितलाय. इतके दिवस जागेवर बांधलेलं जनावर आहे, गोडधोड आणि धान्य त्याला पचायचं नाही."

"आवतण दिल्यावर जेवू घालावंच लागतंय की बाई."

"तुमच्या घरी या म्हणालात ना? तो काही तुमच्या घरी येत नाही."

"मग आमीच येतो," काका म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसले.

संध्याकाळी मी ग्रुपवर स्पष्ट लिहिलं की पुरणपोळी आणू नये. फाटकावर पाटी लावली. आमच्याकडं शेण काढायला एक मावशी आहेत, त्यांनाही बजावलं.

पोळ्याच्या दिवशी सकाळी जिंतूर रस्त्यावरून फोन आला. एका कुत्रीच्या कमरेवरून चाक गेलं होतं. तिला घेऊन मी परभणीला गेले. एक्स-रे, सलाईन, डॉक्टरांची वाट बघणं, यात दिवस गेला. परत आले तेव्हा गोऱ्ह्याची शिंगं रंगवलेली होती, अंगावर झूल होती, गळ्यात माळा. त्याचं तोंड गुळानं चिकट झालं होतं.

"मी न्हाई म्हणत होते बाई," मावशी म्हणाल्या. "पर समदे म्हणायलेत, एकच पोळी हाय, नुसती तोंडाला लावू द्या. ज्यायनं त्याचा पाय नीट केला त्यायला फाटकातून कसं हाकलू?"

"किती जण आले?"

"आता काय सांगू. येतच होते."

मी डॉक्टरांना फोन केला. ते पाथरीकडं कुठल्या तरी गोठ्यात होते. पोळ्याला आणि दुसऱ्या दिवशी आमचे डॉक्टर कधीच मोकळे नसतात, गावोगावच्या गोठ्यांत पुरणपोळी जास्त होऊन हाच आजार असतो. त्यांनी सांगितलं तसं खायच्या सोड्याचं पाणी पाजलं. गोऱ्हा अजून उभा होता, कान हलवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बसलेला होता आणि उठेना. पोटाची डावी बाजू ताठ, दात करकरा वाजवत होता, शेण पाण्यासारखं आणि आंबट वासाचं. डॉक्टर आले. पोट उघडून आतलं काढायचं तर आत्ताच, म्हणाले, पण अंगातलं पाणी फार गेलंय, टिकेल असं वाटत नाही.

मी ग्रुपवर दोन ओळी टाकल्या. फोटो काढला नाही. तरी डॉक्टरांनी सलाईन लावेपर्यंत पायाच्या ऑपरेशनला लागले होते त्याहून जास्त पैसे आले. कशासाठी, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. माझ्या सगळ्या वर्षांत पैसा इतक्या लवकर कधी आलेला नाही. सुरी लावायच्या आत गोऱ्हा गेला.

खड्डा खणून, मीठ टाकून पुरला. पुरण्याआधी डॉक्टरांनी पायाच्या सळ्या काढून घेतल्या, दुसऱ्या जनावराला उपयोगी पडतील म्हणून. मग मी ग्रुपवर कारण लिहिलं, जसं होतं तसं. एरवी कुठलंही जनावर गेलं की लगेच हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. त्या दिवशी काहीच आलं नाही. संध्याकाळपासून मात्र एकेकाचे फोन यायला लागले. शिक्षक, किराणावाला, बचत गटातली बाई. प्रत्येकाचं एकच म्हणणं होतं, "ताई, मी तर एकच दिली होती." सगळे खरं बोलत होते. मी "हो" म्हणून फोन ठेवत गेले.

काकानं फोन केला नाही. दोन-तीन दिवसांनी तो स्वतःच आला.

"पायाचं काई झालं होतं का?" त्यानं विचारलं.

"नाही. पाय चांगला जुळत आला होता."

त्यानं रिकाम्या दाव्याकडं बघितलं. "मी एकच दिली बाई. त्यातली बी अर्धी खाली पडली."

"सगळ्यांनी एकेकच दिली, काका."

कोपऱ्यात परभणीहून आणलेली कुत्री गोणपाटावर पडली होती. तिच्या ऑपरेशनचे पैसे गोऱ्ह्यासाठी आलेल्यातूनच निघणार होते, हे मी त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली आणि तिच्याजवळ गेला, पण चार हात अलीकडंच थांबला.

"हिला काय चालतंय खायला?"

"तिचं मी बघते."

"न्हाई, नुसतं इचारलं." कुत्रीनं शेपटी हलवली. काकानं दोन्ही हात पाठीमागं धरले होते, ते तसेच ठेवून तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग फाटक ओढून घेऊन निघून गेला.