एकही दात न दाखवणारी इरा

गेल्या शनिवारी टेक्सासमधल्या फ्रिस्कोत मी चक्क जज झाले. हो, मीच... कॉलेज अर्धवट सोडून गावोगाव भटकणारी.

सध्या मुक्काम मावसबहिणीच्या सोफ्यावर आहे. इथल्या मराठी लोकांनी मुलांसाठी टॅलेंट आणि मॉडेलिंगची स्पर्धा ठेवली होती, मी खुर्च्या लावायला गेले होते. तिथले साबुदाणा वडे... असो.

तर ऐन वेळी तिसऱ्या जजची फ्लाइट कॅन्सल झाली. मी पुण्यात एका दुकानासाठी कुर्ते घालून फोटो काढले होते, हे ताईनं आयोजक आणि स्वतःही जज असलेल्या वर्षाकाकूंना सांगून टाकलं... झालं, मी एक्सपर्ट.

टॅलेंट राउंडला चौदा वर्षांच्या इरानं हलगी अशी वाजवली की मागच्या रांगेतले काका उभे राहिले. मग रॅम्प. सगळ्या मुली यायच्या, वळायच्या, गोड हसायच्या.

इरा आली ती आईची इरकल नेसून, मान ताठ... आणि हसू नाही. प्रेक्षकांतून "स्माइल बेटा, स्माइल" सुरू झालं. ती टोकाला थांबली, सगळ्यांकडे शांतपणे बघितलं आणि तशीच परत गेली.

माझ्या शेजारी दुसरे जज मोहनकाका, रिटायर्ड डेंटिस्ट. "जन्मभर लोकांचे दात बघितले, हिचा एकही दिसला नाही," म्हणाले आणि तीन मार्क दिले. काकूंनीही तीनच. मी दहा.

"कमी कर गं जरा," काकू म्हणाल्या. "अशानं फायनलला जाईल ती. हुशार आहे, पण किती आखडू."

मी पाहुणी, गप्प बसायला हवं होतं... पण थोड्या वेळापूर्वी गॉगल लावलेला एक मुलगा भुवया ताणून चालून गेला होता. तोही हसला नव्हता. त्याला दोघांनीही नऊ दिले होते.

"अगं, तो ॲटिट्यूड होता," काकू म्हणाल्या.

"मग हिचा काय होता?"

मी म्हटलं, एकतर त्याचेही तीन करा, नाहीतर हिचे नऊ. माझे दहा हलणार नाहीत... नसेल जमत तर मी आपली खुर्च्या लावते.

काकांनी पेन चावलं. मग तीन खोडून नऊ केले. "दाढ काढल्यासारखं वाटतंय," पुटपुटले. काकूंनी तीनच ठेवले, पण इरा फायनलला पोचली.

फायनलला काकूंनी माइकवर तिला विचारलंच, तू हसत का नाहीस?

"आय स्माइल व्हेन समथिंग इज फनी, काकू."

मोहनकाका इतके मोठ्यानं हसले की त्यांचे सगळे दात दिसले. इरा तरीही हसली नाही.

तिचा तिसरा नंबर आला. काकू माझ्याशी अजून धड बोलत नाहीत, आणि ताईला "तुझी बहीण फार बोलते" असा फोन येऊन गेलाय. येऊ दे.

त्या कुर्त्यांच्या प्रत्येक फोटोत मी हसतेय, कारण फोटोग्राफर "मॅडम, हसा" म्हणायचा. एकदाही का म्हणून विचारलं नाही मी. थँक यू, इरा.

बक्षीस समारंभाचा फोटो खाली टाकलाय. सगळे हसतायत, आम्ही दोघी सोडून... "काय झालं गं?" अशा कमेंट टाकू नका. काही झालेलं नाही.