बाबांच्या टेपवरचे ठोके

ज्याला भूत दिसतं त्याची आधी शुगर तपासा, असं मी सगळ्यांना सांगायचो. आजही माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही... पण हा एक अनुभव कुठेच बसत नाही, म्हणून लिहितोय.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होतं. मी तिथल्या एका हॉस्पिटलात ईसीजी टेक्निशियन होतो. बाबा मूळचे वर्ध्याचे, तिथल्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून त्यांची जेवणावरची वासनाच उडाली होती, आणि आता मधूनच चक्कर येऊन पडायला लागले होते. आई गेली, आता हेही जातात की काय — मी धसकाच घेतला होता.

डॉक्टर म्हणाले, होल्टर लाव. म्हणजे दिवसरात्र अंगावर बाळगायचं यंत्र — छातीला वायरी, कमरेच्या पट्ट्यात छोटा टेपरेकॉर्डर, हृदयाचा प्रत्येक ठोका टेपवर. आमच्याकडे ते नुकतंच आलं होतं. आईच्या वेळी नव्हतंच.

मी स्वतः लावलं. छातीवरचे केस काढले, स्पिरिटने पुसून कोरडं केलं, इलेक्ट्रोड चिकटवले, वायरीला वळसा देऊन वर पट्टी मारली — ओढ बसली तरी निघू नये म्हणून. सेल नवे, टेप कोरी. आंघोळ नाही, कूलरला चिकटून बसणं नाही, असं दोनदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी मशीन काढताना बाबा हळूच म्हणाले, "काल दुपारी तुझी आई आली होती. माझ्या बाजूले बसून राहिली." मी नुसतं हो म्हणालो. उपाशी माणसाला काहीही दिसतं.

टेप यंत्रावर वाचायला लावली, रेघ कागदावर उमटू लागली. बाबांचा ठोका संथ, मधूनच थांबणारा. चक्करचं कारण सापडलं म्हणून जरा हायसं वाटलं. मग दुपार आली... आणि कागदावर आईचं हृदय होतं. लहानपणच्या सांधेतापाने तिची झडप बिघडली होती. तिचे ईसीजी वर्षानुवर्षं मीच काढायचो. ठोक्याआधीची ती दोन शेंड्यांची लहान लाट, दोन ठोके, तिसरा घाईचा, मग थांबा... झोपेतही ओळखलं असतं. थोडा वेळ चाललं. मग परत बाबा.

आईचा जुना कागद शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, वायर हलली असेल. वायर हलली की रेघ बिघडते, दुसऱ्या माणसाची होत नाही. हे त्यांनाही ठाऊक होतं.

बाबांना सगळं सांगितलं. माझ्यासमोर ते पहिल्यांदाच रडले. पेसमेकरसाठी नागपूरला जायचं होतं, तर अडून बसले — "आधी ते मले अजून एकदा लावून दे." लावलं. त्याच जागी, तितक्याच काळजीने. दुपारभर ते पलंगावर बाजूला जागा ठेवून बसले होते.

टेप वाचून मी घरी आलो, तर दारातच उभे.

"आली होती काय?"

"नाही, बाबा. सारे ठोके तुमचेच आहेत."

"माझे घेऊन मी काय करू?"

नागपूरला ते शेवटपर्यंत आले नाहीत.